परमुलखातील न्याहारी

ज्या वर्षी महादजी शिंद्यांच्या फौजांनी पाटण आणि मेडता येथे राजपुतांचा पाडाव केला, आणि ज्या वर्षी गुलाम कादिराने डोळे काढलेला बादशहा शाहआलम लाल किल्ल्यात सर्वस्वी शिंद्यांच्याच आधाराने तख्तावर बसून होता, त्या १७९० साली आमेरहून आलेल्या लाला सुखलाल जैन नावाच्या एका हलवायाने दिल्लीच्या चांदणी चौकात मिठाईचे दुकान मांडले. घंटेवाला या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. या दोन गोष्टींत काही कार्यकारणभाव आहे असे मला सुचवायचे नाही. परंतु त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, यमुनेपलीकडे पटपडगंजाच्या मैदानात लॉर्ड लेकने शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला आणि दिल्लीवरचा मराठ्यांचा अंमल संपुष्टात आला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात हिरवळीवर उभा आहे, आणि पटपडगंजात गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आहेत. हलवायाचे दुकान मात्र १८५७ चा उत्पात, १९११ चा दरबार आणि १९४७ ची फाळणी पचवून २०१५ पर्यंत चालले, आणि काही वर्षांच्या खंडानंतर आता पुन्हा उघडले आहे. एकाच काळात परमुलखातून दिल्लीस आलेल्या दोघांपैकी ज्याच्या हाती तलवार होती तो गेला आणि ज्याच्या हाती झारा होता तो राहिला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने निदान एकदा तरी नीट न्याहाळावी अशी आहे.

परमुलखात राहणाऱ्या माणसाच्या जेवणाची व्यवस्था कोणत्या ना कोणत्या प्रकारे लागते, कारण जेवण हा दिवसाचा मुख्य व्यवहार असल्याने त्यासाठी तो खटपट करतो. परंतु सकाळच्या न्याहारीचे तसे नाही. कचेरीची वेळ झालेली असते, चूल पेटवण्याइतका अवकाश नसतो, आणि मग तो घराबाहेर पडून कोपऱ्यावरच्या पहिल्या गर्दीच्या दुकानापुढे जाऊन उभा राहतो. तेथे बसायला जागा नसते, काय मिळते याचा फलक नसतो, दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या जातिकुळाशी कर्तव्य नसते, आणि हातात जे येते ते खाऊन, त्याचे पैसे देऊन, दुसऱ्यासाठी जागा मोकळी करून द्यायची असते. शहर परक्याला प्रथम जवळ करते ते बहुधा याच ठिकाणी. दिल्ली हा मराठी माणसाचा अडीचशे-तीनशे वर्षांचा परमुलूख. तेव्हा या शहराच्या न्याहारीचा इतिहास मराठीत लिहिला जावा हे योग्यच आहे, आणि तो फारसा लिहिला गेलेला नाही हे आमच्या इतिहासलेखनाच्या स्वभावाला धरूनच आहे.

बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये सय्यद बंधूंच्या सैन्याबरोबर दिल्लीस गेले आणि स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन परतले, तेव्हापासून दिल्लीत मराठ्यांचा कोणी ना कोणी मुक्कामास असेच. हिंगणे घराण्यातील वकील तेथे दोन पिढ्या राहिले. त्यांनी पुण्यास धाडलेली पत्रे ‘हिंगणे दप्तर’ या नावाने छापली गेली असून त्या काळच्या दरबारी कारस्थानांचे ते एक अमोल साधन आहे. अंताजी माणकेश्वर पाच-सहा हजारांची शिबंदी घेऊन बादशहाच्या दिमतीस होता आणि १७५७ च्या आरंभी फरीदाबादेजवळ अब्दालीच्या लोकांशी लढला. या मंडळींची राहणी वकिलाची अथवा छावणीची होती. वकिलाच्या वाड्यात स्वतःचा आचारी असतो, छावणीत बुणगे असतात आणि बाजारही छावणीबरोबरच चालतो; त्यामुळे गावच्या हलवायापुढे उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला असावा. फौजेच्या बरोबर चालणारा हा बाजार रसदेवर अवलंबून असतो, आणि रसद तुटली म्हणजे काय होते हे १७६० च्या अखेरीस पानिपतावर दिसून आले. रसद धाडणारे गोविंदपंत बुंदेले पडले, अंतर्वेदीतून येणारे धान्य बंद झाले, आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठ्यांचे सैन्य रणांगणावर उतरले ते अक्षरशः उपाशीपोटी.

मिरची उत्तरेकडे नेली ती मराठ्यांनी, असे विधान हल्ली पाकशास्त्रावर लिहिणारे पुष्कळ जण करतात. आपल्याला ते ऐकून बरे वाटते. पण अस्सल कागद पुढे आल्याखेरीज मी तरी हे श्रेय मराठ्यांच्या पदरात टाकणार नाही.

दिल्लीच्या बाजारात जी न्याहारी घडत होती तिच्या मुळाशी एक धर्मशास्त्रीय भेद होता, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून तेथे सकाळी सात वाजता पुऱ्या का तळल्या जातात याचा उलगडा होत नाही. उत्तरेत अन्नाचे पक्के आणि कच्चे असे दोन वर्ग मानीत. तुपात तळलेले ते पक्के, पाण्यात शिजवलेले अथवा नुसत्या तव्यावर भाजलेले ते कच्चे. कच्चे अन्न स्वजातीच्या चौक्यात बसूनच खावे असा दंडक असे. पक्क्या अन्नाला मात्र स्पर्शाचा दोष सहसा लागत नसल्यामुळे ते हलवायाच्या हातचे, भर रस्त्यात, भिन्न जातीच्या माणसाशेजारी उभे राहून खाल्ले तरी चाले. यात्रेकरू, व्यापारी, मुनीम, दलाल या सर्वांना घराबाहेर खाण्याची जी एक वाट शास्त्राने मोकळी ठेवली होती ती अशी तुपाच्या कढईतून जात होती. आमच्याकडच्या सोवळ्याच्या कल्पनांत तुपाला इतका अधिकार कधी मिळाला नाही. पुरी आमच्या घरी सणावाराला किंवा पाहुणा आला म्हणजे व्हायची, आणि ती हमालाने रोज सकाळी खावी ही गोष्ट दिल्लीत नव्याने गेलेल्या मराठी माणसाला अजूनही काहीशी चैनीची वाटते. जामा मशिदीच्या बाजूला व्यवस्था वेगळी होती. तेथे नानबाई आणि भटियारे यांच्या दुकानी रात्रभर मंद विस्तवावर ठेवलेली निहारी पहाटेच्या नमाजानंतर खमिरी रोटीबरोबर मिळे, आणि कष्टकरी माणूस ती खाऊन कामाला लागला की दुपारपर्यंत त्याला भूक आठवत नसे.

१८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर रहिवाशांना वेशीबाहेर हाकलून दिले. हिंदूंना पुढील वर्षी परत येऊ दिले, मुसलमानांना त्याहून पुष्कळ उशिरा. किल्ल्याभोवतालच्या वस्त्या पाडल्या, चांदणी चौकातील जहाँआरा बेगमेची सराई जमीनदोस्त करून त्या ठिकाणी टाउन हॉल उठवला, आणि १८६७ मध्ये यमुनेवरील पुलावरून आगगाडी शहरात आली. सराई गेली आणि स्टेशन आले, म्हणजे प्रवासी आले पण त्यांची चूल गेली. पराठेवाली गली म्हणून आज जी प्रसिद्ध आहे तिच्यातील जुनी ब्राह्मणी दुकाने आपला आरंभ १८७० च्या पुढच्या दशकांत झाल्याचे सांगतात, ते या दृष्टीने अगदी सुसंगत आहे. तेथले पराठे कांदा-लसणाशिवाय आणि तव्याऐवजी कढईत तळलेले असतात. वर सांगितलेल्या पक्क्या-कच्च्याच्या भेदाचाच तो उत्तराधिकार होय. चावडी बाजारातील श्याम स्वीट्स आपले साल १९१० असे लावते. त्या वेळेपर्यंत बेडमी-आलू आणि नागोरी-हलवा ही दिल्लीच्या वैश्य, खत्री आणि कायस्थ वस्तीची ठरीव न्याहारी झालेली होती.

बेडमी कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. चावडी बाजार हा कागद, लग्नपत्रिका आणि पितळी सामान यांच्या घाऊक व्यापाराचा बाजार. साडेसातच्या सुमारास दुकानांची दारे अद्याप बंद असतात, हमाल हातगाड्यांवर बसून विड्या ओढीत असतात, आणि उघडी असते ती फक्त हलवायाची ओटी. भिजवून जाडसर वाटलेल्या उडदाच्या डाळीत हिंग, बडीशेप आणि तिखट घालून केलेले सारण जाड्या कणकेच्या गोळ्यात भरतात, तेलाच्या बोटाने पसरून तो कढईत सोडतात, आणि झाऱ्याच्या पाठीने एकदा दाबला की तो टम्म फुगून वर येतो. आमच्या पुरीसारखा तो मऊ नसतो. वरचे पापुद्रे कुरकुरीत आणि आतली डाळ रवाळ. बरोबर दोन्यात बटाट्याची पातळ भाजी, तीही सुरीने न चिरता हाताने कुस्करलेली, हिंग-आमचुराने काळसर झालेली. शेजारी तांबड्या भोपळ्याची चमचाभर भाजी आणि मेथीदाण्यांची आंबटगोड चटणी. नागोरी म्हणजे रव्याची तळहातापेक्षा लहान, खुसखुशीत पुरी. तिला अंगठ्याने भोक पाडून आत हलवा भरायचा आणि एका घासात संपवायची. गल्ल्यावरचा इसम एका हाताने पैसे घेतो, दुसऱ्या हाताने दोने मांडतो आणि वर न पाहता विचारतो, “सब्ज़ी और दूँ?” नको म्हणणारा मनुष्य मी तरी पाहिला नाही. हिवाळ्यात पलीकडे दुधाच्या फेसाची दौलत की चाट घेऊन फेरीवाला बसतो. ऊन चढले की तो फेस बसतो, म्हणून त्याचा सगळा धंदा सकाळचाच. अकरा वाजले की नागोरी संपलेली असते आणि चावडी बाजार कागदाच्या गठ्ठ्यांनी इतका भरून जातो की येथे कोणी खात होते हे सांगूनही पटू नये.

या बाजारापासून दोन-अडीच मैलांवर, डोंगराच्या धारेवर, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक मराठा सरदार राहत असे. दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई हिचा भाऊ हिंदूराव घाटगे याने तेथील एका इंग्रज अधिकाऱ्याची कोठी घेतली आणि १८५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तीतच राहिला. इंग्रज मंडळीत त्याची मोठी उठबस होती. १८५७ मध्ये त्याच कोठीभोवती इंग्रजांचा मोर्चा होता, आणि आज तेथे हिंदूराव रुग्णालय आहे. अठराव्या शतकातील एवढ्या पराक्रमानंतर दिल्लीकराच्या रोजच्या बोलण्यात एक मराठी नाव शिल्लक राहिले ते रुग्णालयाचे, हा इतिहासाचा थोडासा खट्याळपणाच म्हणायचा.

१२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवल्याची घोषणा झाली. सयाजीराव गायकवाड सम्राटाला पाठ दाखवून परतले म्हणून जो गहजब झाला तो याच दरबारातला. दरबारास लोटलेल्या गर्दीला खाऊ घालण्यासाठी हाजी करीमुद्दीन यांनी बटाटे घातलेले मटण आणि डाळ असे दोनच पदार्थ विकण्यास सुरुवात केली आणि १९१३ मध्ये जामा मशिदीजवळ करीमचे दुकान थाटले, अशी त्या घराण्याची सांगी आहे. पुढील वीस वर्षांत नवी दिल्ली उभी राहिली, गोल मार्केटच्या आसपास कारकुनांची क्वार्टरे झाली, आणि बंगाली, मद्रासी, पंजाबी, मराठी असा निरनिराळ्या प्रांतांचा लेखणीबहाद्दर वर्ग सरकारी हुकमाने तेथे वसवला गेला. मद्रासी कारकुनाला कनॉट प्लेसमध्ये मद्रास हॉटेल मिळाले. ते २००५ मध्ये बंद पडले, तरी बसचा थांबा त्यानंतरही पुष्कळ काळ त्याच नावाने ओळखला जाई. मराठी कारकुनाने पहाडगंजात नूतन मराठी शाळा काढली, बृहन्महाराष्ट्र भवन उभारले, गणेशोत्सव सुरू केला, नाटके बसवली, हळदीकुंकवे केली. न्याहारी मात्र त्याने घरीच ठेवली. पोहे, सांजा, थालीपीठ हे पदार्थ त्याच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून कधी रस्त्यावर आलेच नाहीत.

आणि मग १९४७ आले. १९४१ च्या खानेसुमारीत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजार होती, ती १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार झाली. त्यात सुमारे ४ लाख ९५ हजार निर्वासित होते, आणि सव्वातीन लाखांच्या आसपास मुसलमान शहर सोडून गेले होते. जुना किल्ला, हुमायूनची कबर, किंग्जवे कॅम्प येथे तंबू लागले. पश्चिम पंजाबात ज्यांच्या हवेल्या होत्या, वकिली होती, अडत होती, असे लोक शिधापत्रिकेच्या रांगेत उभे राहिले. मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे दाखल करण्याचा कायदा १९५० मध्ये आला आणि नुकसानभरपाईचा १९५४ मध्ये, म्हणजे तोपर्यंतची वर्षे अर्ज, दाखले, पुरावे आणि पुढची तारीख यांतच गेली. या काळात पोटापाण्याचा जो धंदा सर्वांत कमी भांडवलात, परवान्याची फारशी वाट न पाहता आणि बायकोच्या हातच्या कसबावर उभा राहू शकत होता तो म्हणजे खाण्याचा. कुंदनलाल गुजराल यांचे दर्यागंजातील मोतीमहल यातलेच. पण त्याची कीर्ती रात्रीच्या जेवणाची आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सकाळ जिंकली ती छोले-भटुऱ्यांनी.

त्याची कारणे अगदी हिशेबी आहेत. काबुली चणे रात्री भिजत घालावे, पहाटे मोठ्या पातेल्यात चहाची पत्ती किंवा वाळलेले आवळे टाकून काळपट होईपर्यंत शिजवावे, अनारदाणा आणि गरम मसाला घालून मंद विस्तवावर ठेवावे. मग ते दुपारपर्यंत बिघडत नाहीत, उलट मुरतात. मैदा दह्यात भिजवून रात्रभर आंबवून ठेवावा. म्हणजे सगळी मेहनत अंधारात उरकते, आणि दुकान उघडल्यावर उरते ते फक्त गोळा लाटणे आणि कढईत सोडणे. एक पातेले, एक कढई, एक हातगाडी आणि दोन माणसे, एवढ्यावर पन्नास जणांना अर्ध्या तासात वाटेला लावता येते. बाकडीही लागत नाहीत. सोबत कांदा, मुळा, गाजराचे लोणचे आणि हिरवी चटणी. कारकुनाला ते परवडते, हमालाला पुरते, आणि दोघेही एकाच फळीवर ताट ठेवून खातात. पहाडगंजात इंपीरियल सिनेमाजवळ सीताराम आणि त्यांचे चिरंजीव दिवाणचंद यांनी फाळणीनंतरच्या वर्षांत असाच गाडा लावला. आज त्याच परिसरात त्यांच्या नावाचे दुकान आहे, पनीरची पूड भरलेले भटुरे तेथे उभ्या मेजांवर खातात, आणि रविवारी सकाळी नोएडा-गुडगावाहून आलेल्यांची रांग रस्त्यापर्यंत येते.

नूतन मराठी शाळा तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या शाळेत शिकलेल्या दिल्लीकर मराठी माणसांच्या तीन पिढ्या घरी पोहे आणि बाहेर छोले-भटुरे असे दुहेरी खाते चालवीत मोठ्या झाल्या, आणि यात त्यांना विसंगती कधी वाटली नाही. मला मात्र प्रश्न पडतो तो असा, की ज्या गल्ल्यांत झेलमच्या निर्वासिताचे भटुरे रुजले, आग्रा-मथुरेकडची बेडमी त्याआधीच रुजलेली होती, तेथे शंभर वर्षे राहूनही मराठी माणसाचे पोह्याचे दुकान का रुजू नये?

माझ्या मते याचे उत्तर परतीच्या वाटेत आहे. हिंगण्यांपासून सचिवालयातील कारकुनापर्यंत दिल्लीला गेलेला मराठी माणूस तैनातीवर गेला. त्याची बदली होणार होती, निवृत्तीनंतर पुण्यात अथवा साताऱ्यात घर बांधायचे होते, आणि काकासाहेब गाडगीळ किंवा चिंतामणराव देशमुख यांच्यासारखे मंत्री झाले तरी मुंबईचा प्रश्न निघताच देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थखात्याचा राजीनामा टाकला. ज्याची परत जाण्याची सोय शाबूत आहे तो परमुलखात खाणावळ शोधतो. दुकान मांडतो तो ज्याची ती सोय संपली आहे: झेलमहून आलेला निर्वासित, आमेरहून आलेला हलवाई. इंडियन कॉफी हाऊसची कथाही हीच आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करून नोकरांना घरी बसवले तेव्हा त्यांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ मध्ये दिल्लीत कनॉट प्लेसला स्वतःचे कॉफी हाऊस उघडले. आणीबाणीत १९७६ साली ते पाडले गेले, आणि पुढे मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर पुन्हा मांडले.

या विधानाला एक आक्षेप घेता येईल आणि तो मी लपवू इच्छित नाही. मद्रासी कारकूनही बदलीवरच आलेला होता, मग त्याची इडली रस्त्यावर कशी आली? ती त्याने आणलीच नाही. दक्षिणेत खाद्यगृहाचा धंदा पिढीजात करणारा स्वतंत्र वर्गच आहे, आणि त्याने ती आणली. मराठी मुलखात तसा वर्ग फारसा घडला नाही. मुंबईत आम्ही इराण्याच्या आणि उडप्याच्या दुकानी बसून चहा प्यालो, आणि दादरच्या मामा काण्यांसारखी जी थोडी मराठी नावे झाली ती आम्ही इतक्या कौतुकाने सांगतो की त्यांची विरळताच त्यातून सिद्ध होते. परक्याला खाऊ घालण्याची आमची खरी पद्धत खाणावळीची: गिरणगावातील बाई आपल्या खोलीत महिन्याच्या बोलीवर दहा-पंधरा कामगारांना दोन वेळ जेवू घाली, आणि अशाच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. या व्यवस्थेत माणूस ओळखीचा असतो आणि हिशेब महिन्याचा असतो. अनोळखी माणसाला उभ्याउभ्या रोखीने न्याहारी देणे हा वेगळाच व्यवहार आहे.

शिवाय जेथे मराठी माणूस परत न येण्याच्या इराद्याने राहिला तेथे त्याची न्याहारीही राहिली, याचे प्रत्यंतर इंदुरास मिळते. होळकरांच्या त्या राजधानीत पोहे रस्त्यावर आले, वाफेवर शिजू लागले, त्यांच्यावर शेव आणि जिरावण पडले, आणि ती सगळ्या शहराची न्याहारी झाली. आज नोएडाच्या सेक्टरांत आणि गुडगावच्या कचेऱ्यांपुढे सकाळी जे पोह्यांचे ठेले लागतात त्यांच्या पाटीवर ‘इंदौरी पोहा’ असे लिहिलेले असते. अडीचशे वर्षांनी पोहे दिल्लीस पोहोचले ते माळव्याच्या मार्गाने, म्हणजे शिंदे-होळकरांच्या फौजा ज्या मार्गाने येत त्याच मार्गाने. मात्र त्यांची मराठी ओळख वाटेत पुसली गेली होती, आणि त्याबद्दल कोणाकडे दाद मागावी असेही नाही.

सध्या दिल्लीत तरुण मराठी माणसांची सर्वांत दाट वस्ती असते ती जुन्या राजेंद्रनगरात आणि करोलबागेत. राजेंद्रनगर ही मुळात निर्वासितांसाठी वसवलेली वसाहत; आता तेथल्या खोल्यांत नांदेड, लातूर, बीड, सोलापूरकडची मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करतात. घरमालक पंजाबी, अभ्यासिका चोवीस तास उघडी, आणि सकाळी गल्लीच्या तोंडाशी पराठ्याच्या गाड्या. लोखंडी तव्यावर एकेक पराठा उचटण्याने दाबीत असलेला गाडीवाला सामान्यतः बिहारचा अथवा पूर्व उत्तर प्रदेशाचा असतो. लोणच्याची फोड आणि दह्याची वाटी घेऊन मुले पदपथावर उभी राहून खातात, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात कालचे वर्तमानपत्र. खुल्या वर्गाला परीक्षेच्या सहा संधी असतात. त्या संपल्या की यांचीही परतीची गाडी ठरलेली आहे, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खोलीत त्याच जिल्ह्याचा दुसरा मुलगा येतो.

पानिपत जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो, हे महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. दरसाल १४ जानेवारीला तेथील रणभूमीवर काला आंब येथे मानवंदनेसाठी जाणारी मराठी मंडळी दिल्लीहून पहाटे निघतात आणि सोनीपतजवळ मुरथल येथे थांबतात. तेथल्या शाकाहारी ढाब्यांपैकी अमरीक सुखदेव १९५६ मध्ये ट्रकवाल्यांसाठी सुरू झाला. दाट धुक्यात पांढऱ्या लोण्याचा गोळा घातलेला पराठा आणि पितळी पेल्यातला चहा घेऊन मग पुढे जायचे अशी रीत पडली आहे. ज्या रस्त्याने १७६१ मध्ये धान्याचा एक दाणा मराठ्यांच्या गोटात पोहोचू शकला नाही त्याच रस्त्यावर आज त्यांचे वंशज ढेकर देऊन पुढे जातात. यात अनादर नाही; उपाशी मेलेल्यांना वंदन करायला उपाशीच गेले पाहिजे असा काही नियम नाही.

१९५४ मध्ये दिल्लीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा येथे पुन्हा भरले. दोन्ही प्रसंगी दिल्ली आणि मराठे यांच्या संबंधांवर भाषणे झाली, आणि ती साहजिकच सनदांची व स्वाऱ्यांची होती. हिंगण्यांची पत्रे पेशव्यांच्या कारकुनांनी बस्त्यात बांधून ठेवली म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात. परंतु १९३५ साली गोल मार्केटच्या क्वार्टरात राहणाऱ्या मराठी कारकुनाने महिन्याला पोह्यांवर किती आणि बाहेरच्या पुरी-भाजीवर किती खर्च केला, हे सांगणारे कागद कोणत्याही दप्तरात नाहीत. असतील तर ते दिल्लीकर मराठी घरांच्या माळ्यावर, जमाखर्चाच्या वह्यांत आहेत, आणि त्या घरांतील वृद्ध मंडळी दरसाल कमी होत आहेत. पहाडगंजातील आणि करोलबागेतील मराठी संस्थांनी या वह्या मागवून घ्याव्यात, ज्यांना आठवते त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवावे, आणि हे काम पुढच्या संमेलनापर्यंत न थांबवता यंदाच हाती घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.